आधी अंदाज लिहा, मग प्रयोग करा

वाचकाचे पत्र (संक्षेपाने): "वयाच्या पंचेचाळिशीत मी मानसशास्त्राचा प्राथमिक अभ्यासक्रम पूर्ण केला. अवधान, स्मृती, अभिसंधान, प्रबलन, गुणारोपण या सगळ्यांच्या व्याख्या मला तोंडपाठ आहेत, गुणही चांगले मिळाले. पण रोजच्या जगण्यात त्यांचा उपयोग करायला जावे तर हाती काही लागत नाही. उलट माझी १७ वर्षांची मुलगी परवा म्हणाली, 'आई, तू हल्ली आमच्याशी बोलत नाहीस, आमचे निदान करतेस.' ते मनाला फार लागले. मुलगा १३ वर्षांचा आहे. तासन्तास पुस्तक घेऊन बसतो आणि आठवड्याभरात सगळे विसरतो. त्याच्यासाठी बक्षिसांचा तक्ता करावा आणि त्यात त्याच्या आवडीची चित्रकलाही घालावी, असे मनात आहे. पतीशी होणारे माझे निम्मे वाद कोण काय म्हणाले होते यावरूनच पेटतात. विशेष साधनांशिवाय घरी करता येतील असे कोणते उपक्रम तुम्ही सुचवाल, ज्यांतून या संकल्पना आमच्या अंगवळणी पडतील?"

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातील सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुमच्या मुलीचे आहे, आणि ते तुम्ही मोकळेपणाने लिहून पाठवलेत याचे मला फार मोल वाटते. तिला जे खुपले त्याचे कारण तुमच्या स्वभावात नाही, तर मानसशास्त्र ज्या पद्धतीने शिकवले जाते त्यात आहे. परीक्षेत विचारले जाते की 'याला काय म्हणतात?', आणि म्हणून अभ्यासक्रम संपल्यावर आपण समोर दिसेल त्या वागण्याला नाव देत सुटतो. साहजिकच ती नावे सर्वांत आधी जवळच्या माणसांना चिकटतात. संकल्पना वापरायची असेल तर प्रश्न बदलावा लागतो: 'हे खरे असेल, तर आता पुढे काय घडेल?' हा प्रश्न स्वतःला विचारून त्याचे उत्तर घटना घडण्यापूर्वी कागदावर लिहिले, तरच ती संकल्पना आपल्याला काही नवे सांगू शकते, कारण तेव्हाच आपण चुकू शकतो.

म्हणून खाली सुचवलेल्या प्रत्येक उपक्रमाला माझी एकच अट आहे. सुरुवात करण्यापूर्वी घरातील प्रत्येकाने आपला अंदाज, शक्य तेथे आकड्यात, लिहून कागदाची घडी घालून ठेवावी. मग प्रयोग करावा. आणि शेवटी घडी उघडून अंदाज व निकाल शेजारी ठेवून पाहावेत. ही पायरी वगळण्याचा मोह फार होतो, आणि ती वगळली की उपक्रमाची केवळ करमणूक होते. बारूख फिशहॉफ यांनी १९७५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखवले होते की एखाद्या घटनेचा शेवट कळला की तो शेवट आपल्याला आधीपासूनच संभवनीय वाटत होता असे माणसाला मनापासून वाटू लागते. हे तुम्हाला पहिल्याच दिवशी घरात दिसेल: ज्याने अंदाज लिहिला नाही तो निकालानंतर 'हे तर मला माहीतच होते' असे म्हणेल, आणि ज्याने लिहिला आहे त्याला तसे म्हणता येणार नाही. दुसरी गोष्ट अट नव्हे, विनंती आहे: प्रत्येक उपक्रमात पहिला प्रयोगविषय तुम्ही स्वतः व्हा.

सुरुवात सोप्या गोष्टीने करावी. चार रंगांची पेने घेऊन वीस रंगनावे लिहा, पण प्रत्येक नाव दुसऱ्याच शाईत, म्हणजे 'लाल' हा शब्द निळ्या शाईने, 'हिरवा' लाल शाईने, असे. दुसऱ्या कागदावर त्याच चार रंगांत वीस फुल्या काढा. आता दोन्ही कागदांवरील शाईचे रंग मोठ्याने, वेगाने सांगायचे आणि लागलेला वेळ मोजायचा. घरात कोणाला रंग ओळखण्यात अडचण असेल तर अंक वापरा: 'दोन दोन दोन दोन' असे चार अंक ओळीने लिहून किती अंक आहेत ते सांगायला लावा, तेथेही जीभ अडखळते. जॉन रिडली स्ट्रूप यांनी १९३५ साली प्रसिद्ध केलेला हा परिणाम इतका भक्कम आहे की तो तुमच्या घरातही बहुधा पहिल्याच वेळी दिसेल. मात्र वेळेतील फरकावर थांबू नका. शब्द वाचायचा नाही असे ठरवूनही तो वाचला जातो, ही यातील खरी शिकवण आहे, आणि ती कळली की अभ्यासाच्या मेजावर उजळणाऱ्या फोनच्या पडद्याकडे 'लक्ष देऊ नकोस' हे मुलाला सांगणे किती अपुरे आहे हे वेगळे समजावून द्यावे लागत नाही. तो फोन दुसऱ्या खोलीत ठेवल्यास एका तासात किती पाने होतात आणि समोर ठेवल्यास किती, याचा अंदाज त्यानेच लिहावा आणि चार-पाच दिवस त्यानेच मोजून पाहावा.

दुसरा छोटा उपक्रम मुलाच्या अडचणीकडे थेट नेणारा आहे. रोज हाताळले जाणारे एक नाणे प्रत्येकाने न बघता कागदावर काढावे, दोन्ही बाजूंनी, अक्षरे आणि आकृत्या जागच्या जागी. रेमंड निकर्सन आणि मॅरिलिन अ‍ॅडम्स यांनी १९७९ साली अमेरिकेतील एक सेंटच्या नाण्याबाबत हे करून पाहिले तेव्हा, आयुष्यभर ते नाणे वापरणाऱ्या माणसांनाही त्यावरील तपशील नीट सांगता आले नाहीत. एखादी गोष्ट वारंवार नजरेखालून जाणे आणि ती स्मरणात बसणे या दोन वेगळ्या घटना आहेत, आणि तासन्तास पुस्तक घेऊन बसणाऱ्या तुमच्या मुलाचे नेमके हेच होत असावे असा माझा तर्क आहे.

तर्क तपासण्यासाठी पूर्ण आठवडा द्या, कारण तुमच्या घरासाठी हा सर्वांत मोलाचा प्रयोग ठरेल असे मला वाटते. मुलाच्या पाठ्यपुस्तकातून साधारण एकाच लांबीचे आणि सारख्याच कठीण वाटणारे, त्याने अजून न वाचलेले दोन उतारे निवडा. पहिला उतारा त्याने वीस मिनिटे पुन्हा पुन्हा वाचायचा. दुसऱ्या उताऱ्यालाही वीसच मिनिटे, पण पहिली पाच मिनिटे वाचन, मग पुस्तक मिटून आठवेल तेवढे कोऱ्या कागदावर लिहिणे, मग राहिलेले मुद्दे पुस्तकात पाहून पुन्हा मिटणे आणि पुन्हा लिहिणे. दोन्ही संपल्यावर त्याला विचारा की आठवड्यानंतर कोणता उतारा जास्त आठवेल, आणि त्याचे उत्तर लिहून ठेवा. त्यानंतर सात दिवस दोन्ही उताऱ्यांना हात लावायचा नाही. सातव्या दिवशी दोन कोरे कागद द्यायचे आणि प्रत्येक उताऱ्यातील आठवणारे मुद्दे लिहायला सांगून ते मोजायचे. मुलगी तयार असेल तर तिने हेच करावे, पण उताऱ्यांची अदलाबदल करून. जो उतारा भावाने नुसता वाचला तो तिने मिटून लिहावा. असे केल्याने एक उतारा मुळातच सोपा होता की काय, ही शंका बरीचशी कमी होते.

हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिकी यांनी २००६ साली महाविद्यालयीन विद्यार्थ्यांवर केलेल्या प्रयोगाचे आकडे प्रयोगानंतर मुलाला जरूर सांगा, आधी सांगू नका. पाच मिनिटांनी घेतलेल्या चाचणीत पुन्हा पुन्हा वाचणारे पुढे होते. आठवड्यानंतर मात्र चित्र उलटले: चार वेळा वाचणाऱ्यांना उताऱ्यातील सुमारे ४० टक्के मजकूर आठवला, तर एकदाच वाचून तीन वेळा आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के. मला यातील सर्वांत बोलका भाग वाटतो तो विद्यार्थ्यांच्या स्वतःबद्दलच्या अंदाजाचा, कारण आपल्याला चांगले आठवेल असा जास्त विश्वास पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांनाच होता. मजकूर ओळखीचा झाला की तो सहज वाचता येतो, आणि ती सहजताच मनाला 'हे आता येते' असे सांगते. तुमचा मुलगा आळशी नाही. तो बहुधा याच फसव्या खुणेवर विश्वास ठेवून रोज पुस्तक मिटतो. मिटून लिहिणे सुरुवातीला जड जाते, निराशही करते, आणि म्हणूनच त्याने स्वतःच्या हाताने लिहिलेला चुकीचा अंदाज त्याच्यापाशी राहिलेला बरा. वडीलधाऱ्यांच्या दहा सूचनांपेक्षा तो जास्त काम करील. हे जमू लागले की आठवून लिहिण्याच्या वेळा हळूहळू लांबवत न्या, एक दिवसाने, मग तीन दिवसांनी, मग आठवड्याने. हेर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ साली स्वतःवरच केलेल्या प्रयोगांतून दाखवलेच आहे की विसरण्याचा मोठा भाग पहिल्या काही तासांत आणि पहिल्या दिवशी उरकतो आणि नंतर त्याचा वेग मंदावतो.

आता पतीशी होणाऱ्या वादांविषयी. येथे मी तुम्हाला वादातील एखादे वाक्य तपासायला अजिबात सांगणार नाही, कारण त्यात दोघांचीही बाजू आधीच ठरलेली असते. त्याऐवजी एका निरुपद्रवी यादीपासून सुरुवात करा. मुलीने ही यादी संथपणे, एकेका शब्दानंतर क्षणभर थांबून वाचावी आणि तुम्ही दोघांनी ऐकावी: अंथरूण, उशी, रात्र, स्वप्न, जांभई, पांघरूण, घोरणे, थकवा, पलंग, अंगाई, डुलकी, जागरण, विश्रांती, गजर. (तुम्ही आता ती वाचलीच आहे, म्हणून तुमच्यासाठी मुलीने 'डॉक्टर' किंवा 'पाऊस' या शब्दाभोवती अशीच वेगळी यादी करावी आणि तो मधला शब्द यादीतून गाळावा.) दोन-तीन मिनिटे इतर काही बोलून मग आठवतील ते शब्द लिहावेत आणि प्रत्येक शब्दापुढे आपल्याला किती खात्री आहे ते दहापैकी गुणांत लिहावे. वरच्या यादीत 'झोप' हा शब्द नाही. तरीही तो पुष्कळांच्या कागदावर येतो, आणि बऱ्याचदा ठाम खात्रीनिशी येतो. जेम्स डीझ यांनी १९५९ साली वापरलेली ही पद्धत हेन्री रोडिगर आणि कॅथलीन मॅकडर्मट यांनी १९९५ साली पुन्हा हाती घेतली, तेव्हा कधीही न वाचलेला तो शब्द यादीच्या मध्यावरील, खरोखर वाचलेल्या शब्दांइतक्याच प्रमाणात लोकांना 'आठवला'.

एका यादीत तो शब्द आला नाही तर नाराज होऊ नका. चार-पाच याद्या करा, कुठे तरी येतो. तो आला की तुम्हा दोघांना जे एकत्र अनुभवायला मिळेल ते कोणत्याही समजुतीच्या बोलण्यापेक्षा मोलाचे आहे: खात्री असणे आणि बरोबर असणे यांत अंतर पडू शकते, आणि ते अंतर आतून जाणवत नाही. स्मृती घटना जशीच्या तशी साठवून ठेवत नाही, तिच्या अर्थावरून ती पुन्हा रचली जाते, हे वाक्य तुम्ही परीक्षेत लिहिले असेल. एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांच्या १९७४ सालच्या प्रयोगात ते दिसते. मोटारींच्या टकरीची चित्रफीत पाहिलेल्यांपैकी काहींना 'गाड्या एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा वेग किती होता' अशा अर्थाने विचारले, तर काहींना नुसते 'धडकल्या तेव्हा' असे विचारले. आठवड्यानंतर, चित्रफितीत फुटलेली काच मुळीच नसताना, ती पाहिल्याचे पहिल्या गटातील ३२ टक्के आणि दुसऱ्या गटातील १४ टक्के लोकांनी सांगितले. म्हणजे वादात वापरलेला तीव्र शब्द त्या क्षणाला तर बोचतोच, पण पुढे दोघांच्या आठवणीही बदलू शकतो. याचा घरगुती उपयोग मी असा सुचवीन. महत्त्वाचे काही ठरले की त्याच दिवशी दोघांनी एकमेकांना न दाखवता दोन ओळींत ते लिहावे आणि महिनाभर बाजूला ठेवावे. महिन्यानंतर आधी आठवणीवरून पुन्हा लिहावे आणि मगच जुने कागद उघडावेत. कोण बरोबर निघाले याची नोंद ठेवू नका. दोघांच्याही आठवणीत काय बदलले एवढेच पाहा. बहुतेक वेळा दोन्ही कागदांवर काही ना काही बदललेले असते.

मुलीच्या बोलण्याकडे मी आता वळतो, आणि त्यासाठी आणखी एक खेळ सांगतो, ज्यात या वेळी प्रश्न विचारणारी तुमची मुलगी असावी आणि उत्तर शोधणाऱ्या तुम्ही. तिने तुम्हाला २, ४, ६ हे तीन अंक द्यावेत आणि सांगावे की हे अंक माझ्या मनातील एका नियमात बसतात. तुम्ही तीन-तीन अंकांचे संच सुचवावेत, ती प्रत्येक संचाला फक्त 'बसतो' किंवा 'बसत नाही' म्हणेल, आणि खात्री झाली की तुम्ही नियम सांगावा. उत्तर मी येथे सांगितल्याने तुमचा खेळ थोडा बिघडेल, म्हणून मुलीने नियम स्वतःचा करावा. पण हा खेळ तुमच्या पतीवर किंवा मुलावर करून पाहा. मूळ नियम इतकाच आहे की प्रत्येक अंक आधीच्या अंकापेक्षा मोठा असावा. बहुतेक लोक ८, १०, १२ विचारतात, मग २०, २२, २४ विचारतात, दरवेळी 'बसतो' हे ऐकून सुखावतात आणि 'दोन-दोनने वाढणारे अंक' असे खात्रीने सांगून चुकतात. पीटर वेसन यांच्या १९६० सालच्या प्रयोगात २९ जणांपैकी फक्त ६ जणांनी आधी एकही चुकीचा नियम न सांगता बरोबर उत्तर दिले. चूक बुद्धीत नसते. आपली कल्पना खोटी पाडू शकेल असा प्रश्न, उदाहरणार्थ ६, ४, २ किंवा १, २, ९, विचारण्याचे मनात येत नाही, एवढेच.

मुलीबद्दल तुमच्या मनात एखादे नाव तयार झालेले असणार. पत्रात तुम्ही ते लिहिले नाहीत, ते बरे केलेत. ते नाव एका कागदावर लिहा आणि त्याखाली, ते खोटे असेल तर येत्या आठवड्यात काय दिसायला हवे, अशा तीन गोष्टी लिहा, नेमक्या आणि दिसण्याजोग्या. 'ती कोणाची पर्वा करत नाही' असे मनात असेल, तर ती भावाला न सांगता काही आणून देते का, घरातील कोणाची तब्येत स्वतःहून विचारते का, मैत्रिणीचे रडणे ऐकत बसते का, हे त्या तीन गोष्टींत येईल. आठवडाभर फक्त याच गोष्टी शोधायच्या. नावाला दुजोरा देणाऱ्या गोष्टी शोधायची गरज नाही, त्या न शोधताही दिसतात. हा कागद मुलीला दाखवण्यासाठी नाही. तुमच्या नजरेचा हा प्रयोग आहे आणि त्याचा विषय तुम्ही आहात.

याच्याच जोडीला गुणारोपणाचा, म्हणजे वागण्याचे कारण आपण कशात शोधतो याचा, उपक्रम थोडक्यात. घरातील कोणी त्रासदायक वागले की पहिले कारण जसे सुचले तसे लिहा, आणि त्याच्यासमोर परिस्थितीतील तीन संभाव्य कारणे लिहा. स्वतः तसेच वागलात की तेही लिहा. आठवड्यानंतर मोजा की इतरांच्या बाबतीत पहिले कारण कितीदा स्वभावाचे होते आणि स्वतःच्या बाबतीत कितीदा परिस्थितीचे. इतरांच्या वागण्याचे कारण परिस्थितीपेक्षा त्यांच्या स्वभावातच शोधण्याच्या ज्या चुकीला ली रॉस यांनी १९७७ साली नाव दिले, ती व्याख्येत वाचताना इतरांची वाटते; स्वतःच्या दोन रकान्यांत मोजली की तशी वाटत नाही.

बक्षिसांच्या तक्त्याबाबत मात्र मी तुम्हाला स्पष्ट शब्दांत थांबवू इच्छितो, निदान अर्ध्या भागात. चित्रकला त्या तक्त्यात घालू नका. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ साली, चित्रे काढायला मुळातच आवडणाऱ्या लहान मुलांवर केलेल्या प्रयोगात, काही मुलांना चित्र काढल्यास प्रशस्तिपत्र मिळेल असे आधी सांगितले, काहींना ते अनपेक्षितपणे दिले आणि काहींना काहीच दिले नाही. पुढे मोकळ्या वेळेत, आधी कबूल करून बक्षीस मिळालेली मुले इतरांच्या जवळपास निम्माच वेळ चित्रे काढताना दिसली. आवडीने होणाऱ्या कामाला आधी ठरवून मोबदला लावला की ते काम मोबदल्याचे होते, हा धोका तुमच्या मुलाच्या बाबतीत पत्करण्याचे काहीच कारण नाही. नावडत्या कामासाठी तक्ता चालेल, पण तो गुणांसाठी किंवा 'चांगल्या अभ्यासासाठी' नको. 'पुस्तक मिटून पाच मुद्दे लिहिले' अशा लहान आणि त्याच्या हातात असलेल्या कृतीसाठी हवा, आणि खूण त्याच वेळी मिळायला हवी. तक्ता लावण्यापूर्वी एक आठवडा काहीही न बदलता, ती कृती तो आताच किती वेळा करतो हे मोजा. ही पायरी जवळजवळ सगळे वगळतात, आणि मग तक्त्याने फरक पडला की नाही हे कोणालाच सांगता येत नाही.

प्रबलन, म्हणजे मिळणाऱ्या फळामुळे वागणूक पक्की होणे, खऱ्या अर्थाने समजून घ्यायचे असेल तर त्याआधी स्वतःची एखादी सवय निवडा, उदाहरणार्थ घरातील माणूस बोलत असताना फोन उचलण्याची. मुलाला नोंद ठेवायला सांगा: फोन उचलण्याच्या लगेच आधी काय घडले आणि लगेच नंतर तुम्हाला काय मिळाले. बहुतेक वेळा काहीच मिळालेले नसते आणि क्वचित एखादा आनंदाचा निरोप असतो. बक्षीस कधी मिळेल हे ठाऊक नसते तेव्हाच वागणूक सर्वांत चिवट होते, हे बी. एफ. स्किनर आणि चार्ल्स फर्स्टर यांनी १९५७ साली विस्ताराने मांडले. मग 'जर-तर' पद्धतीचे एक वाक्य लिहा, जसे 'मुलगी खोलीत आली, तर मी फोन पालथा ठेवीन.' नुसत्या 'मी फोन कमी वापरीन' या संकल्पापेक्षा वेळ आणि जागा बांधून घेतलेला असा निश्चय जास्त पाळला जातो, हे पीटर गोल्विट्झर यांच्या संशोधनातून पुढे आले आहे. सवय २१ दिवसांत जडते असे ऐकले असेल, तर ते मनावर घेऊ नका. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या लंडनमधील एका अभ्यासात एखादी कृती आपोआप होऊ लागायला साधारण ६६ दिवस लागले, आणि व्यक्तीगणिक हा काळ १८ पासून २५४ दिवसांपर्यंत होता. एवढा वेळ स्वतःला देऊन पाहिल्यावर मुलाच्या तक्त्याकडेही तुम्ही अधिक धीराने पाहाल.

काही प्रसिद्ध प्रयोग घरात करू नयेत असेही मला सांगायचे आहे. गोड पदार्थ समोर ठेवून, 'थांबलास तर आणखी मिळेल' असे सांगून मूल किती वेळ थांबते हे पाहण्याचा मोह अनेक पालकांना होतो आणि त्यावरून मुलाच्या भविष्याचे अंदाजही बांधले जातात. २०१८ साली ९०० हून अधिक मुलांच्या माहितीवर हे पुन्हा तपासले गेले तेव्हा थांबण्याचा आणि पुढील यशाचा संबंध मूळ निष्कर्षाच्या सुमारे निम्माच आढळला, आणि घरची परिस्थिती हिशेबात घेतल्यावर तो आणखी रोडावला. २०१५ साली एका मोठ्या प्रकल्पात मानसशास्त्रातील १०० अभ्यास पुन्हा करून पाहिले, तेव्हा त्यांतील सुमारे ३६ टक्क्यांतच लक्षणीय निकाल पुन्हा मिळाला. स्ट्रूप, आठवून लिहिण्याचा लाभ, यादीतील खोटी आठवण हे परिणाम मी निवडले ते पुन्हा पुन्हा टिकले आहेत म्हणून. तरीही चार माणसांच्या घरात एखाद्या दिवशी वेगळा निकाल येईल. झोप कमी झालेली असेल, यादी सोपी असेल. तेव्हा निकाल खोडू नका, अंदाजाशेजारी लिहून ठेवा आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा करा. कोणाला न सांगता कोणावर प्रयोग करू नका, नको म्हणणाऱ्याला नको म्हणू द्या, आणि कोणाचा अंदाज चुकला हे घराबाहेर सांगू नका. मुलांपैकी कोणाची झोप, भूक किंवा उमेद आठवडेच्या आठवडे हरवलेली दिसली, तर तो उपक्रमांचा विषय नाही; तेथे प्रशिक्षित समुपदेशकाकडेच जावे.

पहिल्या महिन्यात सगळे करू नका. पहिल्या आठवड्यात स्ट्रूप आणि नाणे, त्याच वेळी मुलाचे दोन उतारे; दुसऱ्या आठवड्यात याद्या; आणि २, ४, ६ चा खेळ मुलीला वाटेल तेव्हा. तिला हे सगळे समजावून सांगताना 'तुझ्यासाठी' असे म्हणू नका. तुमच्यावर प्रयोग करायला एक माणूस हवा आहे, असे म्हणा, कारण ते खरेच आहे. प्रयोग कोणता, तो कधी आणि त्याची नोंद कशी ठेवायची हे तिने ठरवावे; तुमचा अंदाज घडी घालून तिच्याकडे द्यावा; आणि निकाल सांगताना ती तुमच्याबद्दल जे बोलेल त्याला त्या दिवशी कोणतेही नाव देऊ नये.